चाळीच्या आठवणी गोडगोड होतात, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा जन्म १९७२ चा, लालबागच्या चाळीतला. वडील मूळचे देवगड तालुक्यातले, गिरणीत साचेखात्यात कामाला. चाळ पडली, तिथं टॉवर उभा राहिला, त्या आता डोंबिवलीला असतात. चाळीच्या आठवणींची साठ पानं लिहून झाली आहेत. धाकट्या भावाने ती वाचली आणि विचारलं, "म्हणजे आपण स्वर्गातच राहत होतो. मग तिथून बाहेर का पडलो?" भावाचं बरोबर आहे का, आणि असेल तर लिखाण दुरुस्त कसं करायचं, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न वडिलांविषयी. ते ७९ वर्षांचे आहेत आणि हल्ली फक्त जुन्याच गोष्टी बोलतात. त्यांना त्यातून बाहेर काढावं का?

भावाचं बरोबर आहे. मात्र त्याने काढलेली चूक गोडपणाची नाही. चाळीतले दिवस तुम्हाला गोड वाटले असतील तर ते खरंच आहे, ते खोडायचं कारण नाही. अडचण ही की त्या गोडीसाठी कुणी काय मोजलं, ते पानांवर कुठेच आलेलं नाही. आठवणींच्या हस्तलिखितांचं संपादन करताना दहापैकी आठांत हेच दिसतं.

आपल्याकडचा रुळलेला शब्दही इथं फसवतो. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. घरापासून लांब असलेली माणसं, त्यात परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई, घराच्या ओढीने झुरतात, खाणंपिणं सोडतात, असं त्यात मांडलं. त्या रोगासाठी त्याने 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव बनवलं. मराठीत आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. त्यांच्या शब्दात वेदना आहे आणि आपल्या शब्दात रंजन. 'गतकातरता' हा दुसरा शब्द मूळ अर्थाच्या जवळ जातो, पण तो समीक्षेच्या लेखांतच अडकून राहिला. तुमची साठ पानं रंजनाची झाली आहेत. कातरता अजून यायची आहे, आणि ती विशेषणांनी येत नाही.

आधी एक गोष्ट ठरवा, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. हे कुणासाठी लिहिताय? घरातल्या वीस-पंचवीस माणसांसाठी झेरॉक्स काढून बांधणार असाल, तर नावं, नाती, साल आणि खोली क्रमांक अचूक करा आणि बाकीचं बरंचसं तसंच राहू द्या. भाचे-पुतणे ते प्रेमाने वाचतील. अनोळखी वाचकासाठी छापणार असाल, तर खालचं सगळं लागेल. त्याला तुमच्या आजीबद्दल आधीपासून माया नाही, ती पानावरच उभी करावी लागते.

सुरुवात क्रियापदांपासून करा. कुठलीही पाच पानं काढा आणि 'करायचो, जायचो, असायची, बसायचे' या घडणीच्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा. तुम्ही नमुन्याला दिलेल्या पानावर अशी एकोणीस क्रियापदं आहेत, आणि 'केलं, गेलो, म्हणाली' या घडणीची दोन. रीतिभूतकाळ हा मराठीत आठवण सांगायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे, म्हणून तोच सगळ्यात घातकही आहे. 'आजी पहाटे उठायची' म्हटलं की हजार पहाटा एकमेकींत मिसळून एकच पहाट उरते. आजीला ताप होता ती पहाट, नळ आला नाही ती पहाट, आजी रागाने उठलीच नाही ती पहाट, सगळ्या त्या मिसळणीत विरघळतात. उरते ती सरासरी. त्यात भर म्हणजे मनाचा स्वभावच असा, की वाईट प्रसंगांचा डंख चांगल्या प्रसंगांच्या आनंदापेक्षा लवकर बोथट होतो. मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे सरासरी आधीच गोडाकडे झुकलेली, आणि रीतिभूतकाळ तिला पक्कं करतो.

उपाय असा: प्रत्येक प्रकरणात दोन-तीन वाक्यांपुरताच रीतिभूतकाळ ठेवायचा, रिवाज कळण्याएवढा. मग एक ठरावीक दिवस किंवा रात्र पकडून साध्या भूतकाळात उतरायचं. समजा मूळ परिच्छेद असा आहे:

"उन्हाळ्यात सगळी चाळ गॅलरीत झोपायची. गप्पा रंगायच्या, कुणीतरी पेटी वाजवायचं, आम्ही मुलं तारे मोजत झोपी जायचो. किती साधे, निरागस दिवस होते ते!"

यातले तारे आधी तपासा. चाळीच्या गॅलरीत आडवं झाल्यावर तारे दिसत नाहीत, वरच्या मजल्याचा तळ दिसतो. तारे गच्चीवरचे असतील, गावच्या खळ्यातले असतील, नाहीतर शाळेच्या पुस्तकातले. आता तोच परिच्छेद एका रात्रीपुरता लिहून पाहू. तपशील नमुन्यादाखल घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला:

"त्या आठवड्यात बाबांची रात्रपाळी नव्हती, म्हणून दारासमोरची जागा त्यांनी घेतली होती. मी आणि भाऊ एका गोधडीवर, डोकी भिंतीला, पाय कठड्याकडे. संडासाकडे जाणारा प्रत्येक जण आमचे पाय ओलांडून जात होता. शेजारचे काका अंधारात माझ्या घोट्यावर पाय देऊन गेले आणि जाता जाता 'झोप, झोप' म्हणाले. आई आत होती. आत पंखा नव्हता. आई बाहेर का नाही झोपत, असं मी आजीला विचारलं. आजीने माझ्या पायांवर गोधडी ओढली."

दुसऱ्या परिच्छेदात 'निरागस' हा शब्द नाही, तरी ते मूल निरागस आहे. चाळीतला जिव्हाळा आहे, काकांच्या 'झोप, झोप'मध्ये. आणि जिव्हाळ्याचा हिशेबही आहे: बाहेरचा वारा कुणाला मिळाला आणि आतला उकाडा कुणाच्या वाट्याला आला. बायकांना गॅलरीत झोपायची सोय नव्हती, हे वाक्य कुठेच लिहावं लागलं नाही.

शब्दांची एक चाळणी मोबाइलवरही लावता येते. फाइलमध्ये हे शब्द शोधा: किती, निरागस, निखळ, सगळे, नेहमी, गुण्यागोविंदाने, एका कुटुंबासारखे, हल्ली, आजकाल. 'हल्ली' आणि 'आजकाल' जिथं येतात तिथलं वाक्य बहुधा कापावंच लागतं. कारण तिथं तुम्ही चाळीबद्दल लिहीत नसता, डोंबिवलीच्या बंद दारांबद्दल कुरकुरत असता. ती कुरकुर खरी असेल, पण ती वेगळ्या लेखाची. 'एका कुटुंबासारखे' दिसलं की स्वतःला विचारायचं, नळावरचं एक भांडण सांग. कुणाची कळशी कुणी बाजूला सरकवली, त्यावर कोण काय म्हणालं, अबोला किती दिवस टिकला, आणि मोडला कशावर. एक भांडण तपशिलाने लिहिलं की चाळ कुटुंबासारखी होती हे वाचक आपणहून म्हणतो. खऱ्या कुटुंबात अबोले असतातच.

किंमत शोधायची तर प्रत्येक चांगल्या आठवणीला तीन प्रश्न लावा. हे कुणी केलं? त्यासाठी ते किती वाजता उठले, किंवा काय सोडलं? आणि हे ज्यांना मिळालं नाही असं शेजारी कोण होतं? पहाटेची गरम भाकरी घ्या. पाणी किती वाजता यायचं, किती हंडे भरून ठेवावे लागायचे, ते तिसऱ्या मजल्यावर चढवले कुणी, रॉकेल रेशनवर किती मिळायचं आणि महिन्याच्या विसाव्या तारखेला संपलं की काय करायचे. ही सगळी माहिती एकाच ठिकाणी कोंबू नका. दोन तपशील पुरतात, पण ते नेमके हवेत. 'भरपूर पाणी भरावं लागे' याने काही होत नाही. 'दोन हंडे, एक पिंप, आणि पिंपावर झाकण म्हणून परात' याने होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तुमच्या बाबतीत तो टाळता येणार नाही. वडील साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. साचेवाल्याची कमाई सूतखात्यातल्या कामगारापेक्षा चांगली असे आणि त्याचा मानही असे. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना हे खातं बराच काळ बंद होतं. कारण देताना धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो असं सांगितलं जाई. ज्याला दलित माणसाचा ओठ लागला तो धोटा इतरांनी तोंडाला कसा लावायचा, असा तो विचार. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उघड मांडला होता. तुमचे वडील कामाला लागले ते त्यानंतर चाळीस वर्षांनी, आणि त्यांच्या खात्यात तेव्हा काय चालत होतं ते फक्त तेच सांगू शकतील. पण विचारा. डबा कुणाबरोबर खायचे, पाणी कुठलं प्यायचे, चाळीत कुणाला खोली मिळत नसे. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन आलं. त्यानंतर 'आमचा गाव किती गोड' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला 'गोड कुणाला?' हा प्रश्न बाजूला ठेवता येईनासा झाला. हे बंधन मराठी आठवणलेखनाच्या भल्याचंच आहे.

आता अनुक्रमणिका. गणपती आहे, दहीहंडी आहे, दिवाळीचा फराळ आहे, उन्हाळ्याची सुट्टी आणि एसटीने गावी जाणं आहे. १९८२ नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तुम्ही तेव्हा दहा वर्षांच्या होतात. साचेवाल्याच्या मुलीच्या साठ पानांत तो नाही, ही विसरण्याची बाब नसणार. बहुतेकदा अशा भोकाचं कारण घरातल्या कुणाचा तरी मान राखणं हे असतं. भावाच्या 'मग बाहेर का पडलो?' या प्रश्नाचं उत्तरही तिथंच दडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

ते प्रकरण लिहिताना संपाचा इतिहास लिहू नका, तो इतरांनी लिहिला आहे. दहा वर्षांच्या मुलीला जे दिसलं तेवढंच घ्या. भोंगा बंद झाल्यावर सकाळ कशी कळायची? बाबा दिवसा घरात असणं कसं वाटलं? आईच्या गळ्यातलं, कानातलं काय कधी दिसेनासं झालं? वाण्याची वही कितीपर्यंत गेली? कोण गावी गेलं ते परत आलंच नाही? खानावळीत जेवणारे कमी झाले तेव्हा खानावळवाल्या मावशींनी काय केलं? यातलं वडिलांना दुखेल असं काही असेल तर ते आधी त्यांना विचारून घ्या. ते नको म्हणाले तर ते नको म्हणाले एवढंच लिहा. 'या वर्षाबद्दल बाबा बोलत नाहीत' हे एक वाक्य दहा पानांचं काम करतं.

यात दुसऱ्या टोकाला घसरायचीही भीती असते. गोडाची लाज वाटून लोक मग नुसता चटकाच लिहितात, प्रत्येक पानावर उपास आणि अश्रू. तेही तितकंच खोटं. बहिणाबाई चौधरींची माहेरवाट आठवा, जळगावजवळच्या असोद्याची. रस्ता तापून लाल झालेला आहे, पायाला चटके बसताहेत, आणि तरी ती वाट तिला मखमलीसारखी वाटते. चटका खोडलेला नाही, मखमलही खोडलेली नाही. दोन्ही एकाच वाटेवर आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच कारणासाठी वाचा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांचे हाल झाले, ते त्या इतक्या मिश्कीलपणे सांगतात की आपण हसतो, आणि हसून झाल्यावर ते हाल लक्षात येतात.

यातला आद्य धडा त्याहून फार जुना आहे, आणि तो आपल्याच विदर्भातल्या माणसाचा आहे. पद्मपूरच्या भवभूती या संस्कृत नाटककाराने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण यांना स्वतःच्याच भूतकाळाची चित्रं पाहत उभं केलं आहे. फोटोंचा अल्बमच म्हणा. ती पाहताना राम म्हणतो, बाबा हयात होते, नुकतं लग्न झालं होतं, आया आमची काळजी वाहत होत्या. आणि मग, 'ते हि नो दिवसा गताः', गेले ते आपले दिवस. घडण पाहा. तीन ठोस गोष्टी, नंतर एकच उसासा. आपण नेमकं उलट करतो, तीन उसासे आणि एखादी गोष्ट. पण भवभूतीची खरी करामत पुढे आहे. चित्रं पाहून सीतेला पुन्हा त्या वनांत जावंसं वाटतं, तिच्यासाठी रथ सांगितला जातो, आणि लोकापवाद कानावर आल्यावर त्याच रथातून तिला वनात सोडून येतात. जुन्या दिवसांची ओढ हीच तिच्या त्यागाची सोय होते. इतकी निर्दय रचना तुम्ही करावी असं नाही, पण आठवण ही निरुपद्रवी वस्तू नसते एवढं त्यातून घ्यावं.

आता खरेखोटेपणाची तपासणी. तुमच्या मसुद्यात ट्रामची खडखड आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, आणि तुमचा जन्म १९७२ चा. म्हणजे ही आठवण ऐकीव आहे. ती काढून टाकू नका, फक्त तिचा मालक सांगा: 'बाबा सांगायचे'. ऐकीव आठवण स्वतःची वाटू लागणं यात लबाडी नाही, पुष्कळांच्या डोक्यात हे होतं. छापताना मात्र वेगळं करावं लागतं.

वडिलांना साल आठवत नसेल तर साल विचारूच नका. खुंटी द्या. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? (११ डिसेंबर १९६७, पहाटे, मुंबईतही हादरा जाणवला होता.) दुष्काळाआधी की नंतर? (१९७२.) मुंबईत टीव्ही सुरू झाला तेव्हा? (२ ऑक्टोबर १९७२, पण कुणाच्या घरी कधी आला ते वेगळं विचारायचं.) आणीबाणी? (जून १९७५.) मुंबईला पहिल्यांदा आलात ते बोटीने की एसटीने? बोटीने असेल तर भाऊच्या धक्क्यावर उतरल्यापासूनचं सगळं एका दमात येतं. पैशांच्या बाबतीत सावध राहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे. पण बोलण्यात आणे गेले नाहीत. पंचवीस पैशांना 'चार आणे' म्हणणं पुढेही कित्येक दशकं चाललं. तेव्हा 'चार आण्याची भेळ' हा काळाचा पुरावा धरू नका. आणि कुठलाही जुना भाव एकटा लिहू नका. भेळ चार आण्यांची होती यावर वाचक 'किती स्वस्ताई!' म्हणतो आणि फसतो. शेजारी त्या महिन्याचा पगार लिहा, घरात खाणारी तोंडं लिहा. मग ती स्वस्ताई उरत नाही.

खोलीचा नकाशा काढाच. आलेखाचा कागद घ्या, एक चौकोन एक फूट. समजा खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. मोरी ३ बाय ३, नऊ गेले. ओटा आणि स्टोव्हची जागा २ बाय ६, बारा गेले. कपाट, ट्रंका, घडीची खाट मिळून चोवीस धरा. उरले ७५. झोपलेल्या मोठ्या माणसाला साडेपाच बाय दोन, म्हणजे ११ चौरस फूट लागतात. सहा माणसं ६६ मध्ये बसतात, सातवं बसत नाही. म्हणजे सातव्याचं गॅलरीत झोपणं ही हौस नव्हती, तो गणिताचा भाग होता. तुमची मापं टाकून पाहा, कोण कुठं झोपत होतं ते नावानिशी लिहा. पोटमाळा असेल तर वर चढायची शिडी दिवसा कुठे ठेवत, हेही. हा एक कागद हातात आला की निम्म्या चुका आपोआप सापडतात.

वडिलांशी बोलायचं तर एका बैठकीला ४० ते ४५ मिनिटं, शक्यतो सकाळी नाश्ता झाल्यावर. मोबाइलचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून चालू करा. 'तेव्हा कसं होतं हो?' असं विचारलंत तर ठरलेलं भाषण ऐकायला मिळेल, कारण ते त्यांनी शंभरदा सांगून घोटलेलं आहे. क्रम असा ठेवा: आधी जागा, मग शरीर, मग माणसं, शेवटी मत. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काय होतं? चपला कुठे काढायच्या? खात्यातून सुटल्यावर कानात आवाज किती वेळ राहायचा? अंगावरचा कापूस कुठे झटकायचा? मग शेजारच्या मागावर कोण होतं. मत विचारायचं असेल तर ते शेवटच्या पाच मिनिटांत. मध्ये चूक दुरुस्त करू नका. विसंगती वहीत टिपून पुढच्या बैठकीत खुंटी देऊन तपासा.

फोटो सगळ्यात शेवटी दाखवा. लोक नेमके फोटोंपासून सुरू करतात आणि तिथंच अडकतात. त्या काळी चाळीत फोटो निघे तो लग्नात, बारशात, गणपतीत, नव्या कपड्यांत. फोटो समोर आला की माणूस आठवण सांगणं सोडून फोटोचं वर्णन करू लागतो, आणि सणाचा दिवस सगळ्या वर्षावर पसरतो. तुमच्या अनुक्रमणिकेत सणच सण का आहेत, याचं कारण बहुतेक घरातला अल्बमच असावा.

त्यांना हा एक प्रश्न नक्की विचारा: चाळीत राहत होतात तेव्हा तुम्हाला कशाची आठवण यायची? चाकरमान्यासाठी चाळ हे घर नव्हतं, घर देवगडला होतं. तुमचं हरवलेलं गोकुळ हा त्यांचा परमुलूख होता. तुमच्या आजीला विचारता आलं असतं तर तिने कदाचित देवगडचंही नाव घेतलं नसतं, तिच्या माहेरच्या वाडीचं घेतलं असतं. जात्यावरच्या ओव्यांत बायका सासरी बसून माहेर आळवतात, आणि त्यांच्या मुली पुढे तेच सासरचं घर माहेर म्हणून आळवतात. एकाचं जाणं ते दुसऱ्याचं येणं, अशी ही उतरंड आहे. ती पुस्तकात आली तर 'ते दिवसच चांगले होते' हा सूर आपोआप मोडतो, कारण त्या दिवसांतली माणसंही कुठल्या तरी आधीच्याच दिवसांसाठी झुरत होती. माझ्या मते तुमच्या साठ पानांत नसलेलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हे आहे.

आता दुसरा प्रश्न. वडिलांना बाहेर काढू नका. माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, म्हणून ७९ व्या वर्षी ते पुन्हा पुन्हा गिरणीतच जाणार. रॉबर्ट बटलर या वृद्धांच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये असं मांडलं की म्हातारपणी मागे वळून आयुष्याचा हिशेब मांडणं हे स्वाभाविक काम आहे, ते बिघाडाचं लक्षण नाही. त्याआधी त्याला भ्रमिष्टपणा समजून थोपवलं जाई. रमणं आणि अडकणं यांत मात्र फरक आहे. रमलेला माणूस सांगताना खुलतो, ऐकणाऱ्याकडे पाहतो, सांगून झालं की चहा मागतो. अडकलेला प्रत्येक वेळी त्याच वाक्यावर येऊन थांबतो, 'तेव्हा मी हे करायला नको होतं' किंवा 'त्यांनी मला फसवलं', आणि नंतर गप्प होतो. त्याला गोष्ट पुढे न्यायला मदत लागते: मग काय झालं, तेव्हा सोबत कोण होतं, पुढच्या महिन्यात काय केलंत?

डॉक्टरकडे कधी न्यायचं तेही सांगतो. जुनं लख्ख आठवतं पण सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही, एकाच तासात तीच गोष्ट तीनदा पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगतात, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात, असं असेल तर स्मृतीची तपासणी करून घ्या. जेवण, झोप, पेपर, नातवंडं यांतलं मन दोन आठवड्यांहून जास्त उडालेलं असेल, किंवा 'आता कशाला जगायचं' असं तोंडी येत असेल, तर तो उदासीचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. यातलं काही नसेल तर फक्त ऐका, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.

कामाचा क्रम म्हणाल तर असा लावा: या आठवड्यात नकाशा आणि क्रियापदांच्या रेघा. पुढचा महिनाभर वडिलांबरोबर आठवड्याला दोन बैठका. त्यानंतर संपाचं प्रकरण आणि देवगडचं प्रकरण, दोन्ही नव्याने, जुन्या मजकुराकडे न पाहता. बाकीची प्रकरणं त्या दोघांच्या शेजारी ठेवून कापायची. साठ पानांची पंचेचाळीस झाली तर घाबरू नका. चाळ पाडल्याच्या दिवसावर पुस्तक संपवायचा मोह होईल. तो आवरा, कारण तिथं रडू फुकट मिळतं. तुम्ही शेवटची खोली झाडून कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडे दिली, तिथं थांबून पाहा.

वडिलांना वाचायला द्याल तो मसुदा १६ पॉइंटच्या अक्षरात काढा, कागदाच्या एकाच बाजूला, उजवीकडे दोन इंच समास सोडून. हातात लाल पेन द्या. ते जे खोडतील ते फेकू नका, त्यावरच पुढची बैठक घ्या.